सासूबाईंच्या बॅगेतल्या सहा ट्यूबा

दाढवाला (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात सासूबाई धाकट्या लेकीकडे न्यू जर्सीला निघाल्या. बॅग भरायचा कार्यक्रम आमच्याकडेच होता. भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, गोडा मसाला हे रीतसर आत गेलं आणि त्यानंतर टूथपेस्टच्या सहा ट्यूबा. सेन्सोडाइन. सासरे म्हणाले, "अगं, ती कंपनीच मुळात परदेशी. तिकडे मिळत नाही का?" सासूबाई म्हणाल्या, "मिळते, पण ती ही नव्हे. हीच आण म्हणालीय."

मी अठरा वर्षं दातांच्या मालाच्या धंद्यात आहे. आधी डेंटल डेपोच्या काउंटरवर, मग इम्प्लांटची (पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात बसवायच्या स्क्रूची) पेटी घेऊन दवाखाने हिंडलो, आता आयातीचे कागद बघतो. घरात मला कुणी काही विचारत नाही ते सोडा, म्हणून इथे टंकतोय.

मेव्हणीचं म्हणणं खरं आहे. 'रिपेअर अँड प्रोटेक्ट' नावाची ही पेस्ट इकडे, ब्रिटनमध्ये किंवा कॅनडात मिळते तिच्यात नोव्हामिन असतं. ही एक प्रकारची काचच, फक्त मैद्यासारखी दळलेली. लाळ लागली की तिच्यातून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटतं, दातातल्या उघड्या पडलेल्या सूक्ष्म नळ्यांची तोंडं बुजतात आणि गार पाण्याची शिरशिरी कमी होते. अमेरिकेत त्याच नावाच्या ट्यूबेत स्टॅनस फ्लोराइड असतं. तेही गुणकारी आहे, पण गोष्ट वेगळी. गंमत अशी की या काचेचा मूळपुरुष, बायोग्लास, १९६९ साली फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच यांनी बनवला, हाडाला चिकटणारा पदार्थ हवा होता म्हणून. अमेरिकेत जन्मलेली वस्तू अमेरिकेतल्या मुलीसाठी नौपाड्याच्या मेडिकलमधून जातेय.

असं का? अमेरिकेत फ्लोराइडची पेस्ट हे औषध आहे. तिच्या पाठीवर खोकल्याच्या बाटलीवर असते तशी 'ड्रग फॅक्ट्स'ची चौकट असते. कुठला घटक, किती, आणि त्याच्या जोरावर काय दावा करायचा हे आधीच ठरलेलं. यादीबाहेरचं काही घालून दावा करायचा तर नवी परवानगी, म्हणजे वर्षं आणि पैसा. युरोपात तीच पेस्ट कायद्याने सौंदर्यप्रसाधन, लिपस्टिकची सख्खी बहीण. जपानात दोन्हीच्या मधलं 'अर्ध-औषध' असं एक खातंच आहे. आपल्याकडे साधी पेस्ट प्रसाधन, पण आयुर्वेदिक परवाना असेल तर औषध. या फरकावरून विको आणि अबकारी खातं यांची लढाई वर्षानुवर्षं चालली. खातं म्हणे वज्रदंती आणि टर्मरिक क्रीम ही प्रसाधनं, कर जास्त भरा. विको म्हणे आयुर्वेदिक औषधं. शेवटी २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने विकोच्या बाजूने निकाल दिला.

आणखी नमुने देतो. फ्लोराइडची कमाल मर्यादा आपल्याकडे १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग), युरोपात १५००. जपान २०१७ पर्यंत १००० वर होता, मग १५०० वर गेला. ब्रिटनमध्ये डेंटिस्टच्या चिठ्ठीवर ५००० ची ट्यूब मिळते. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश आपण मेडिकलमधून सहज उचलतो, अमेरिकेत त्याला चिठ्ठी लागते. उलट दात पांढरे करायच्या पेरॉक्साइडच्या पट्ट्या अमेरिकेत शाम्पूच्या शेजारी टांगलेल्या. युरोपात ०.१ टक्क्याच्या वर पेरॉक्साइड असेल तर दुकानात ठेवता येत नाही. ६ टक्क्यांपर्यंतचं फक्त डेंटिस्टकडून.

कंपन्यांच्या सादरीकरणात दर देशाच्या नकाशावर 'ग्राहकाची आवड' असं लिहिलेलं असतं. माझं मत असं की आवड फार नंतर येते. आधी बघायचं कायद्याने वस्तू कुठल्या फळीवर ठेवलीय, आणि मग बिल कोण भरतं. ज्यांनी दोन-तीन देशांत दात घासलेत त्यांनी अनुभव लिहा.

---

जर्सीकर

आवड नंतर येते?? काका, तुम्ही इथली विंटरग्रीनची पेस्ट तोंडात घातलेली दिसत नाही.

२००९ साली आले तेव्हा स्वस्तातली म्हणून एक ट्यूब उचलली. पहिल्या सकाळी ब्रश तोंडात आणि डोळ्यासमोर थेट शाळेच्या क्रीडादिनी मुरगळलेला पाय. आयोडेक्स! तोच वास, तीच चव. नवऱ्याला वाटलं मला चक्कर आली. नंतर कळलं की आयोडेक्समधलं मिथाइल सॅलिसिलेट, आपलं गंधपुऱ्याचं तेल, तेच इथे च्युइंगगम, रूट बिअर आणि टूथपेस्टमध्ये घालतात. इथल्या मुलांना तो खाऊचा वास वाटतो. माझ्या लेकीला आजीने गुडघ्याला चोळलेलं बाम 'कँडी' वाटलं होतं, चाटता चाटता वाचली.

बाकी सेन्सोडाइनबद्दल +१. आमच्याकडेही येणारा प्रत्येक पाहुणा दोन ट्यूबा आणतो.

---

शंकासुर

नेहमीप्रमाणे साध्या गोष्टीचं अवघड. खडू, ग्लिसरीन, फेस आणि वास. देश बदलला की वास बदलतो, एवढंच. आजोबा राखुंडीने दात घासायचे, नव्वदीत ऊस खायचे. तीच राखुंडी आता 'अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल' म्हणून काळ्या ट्यूबेत चौपट भावाने.

आणि कोलगेटवाले तरी कसले कायदा बघतात? पतंजलीच्या दंतकांतीने गिऱ्हाईक पळवल्यावर २०१६ मध्ये वेदशक्ती आली ना बाजारात? तोवर यांना वेद आठवले नव्हते.

---

पंचगंगा

राखुंडीवरून आठवलं. आमच्याकडे (कागलच्या बाजूला) राखुंडी पुरुषांची आणि मिश्री बायकांची. आजीची मिश्री तव्यावर भाजली जायची, तेव्हा आख्खं घर ठसकायचं. तिच्या लेखी ते दात घासणं होतं, व्यसन नव्हे. सकाळी एकदा, दुपारी 'दात शिवशिवतात' म्हणून एकदा, आणि रात्री एकदा. इतक्या वेळा दात घासणारी बाई मी परत पाहिली नाही.

तंबाखू घातलेली पेस्ट आणि मंजन यांवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. डब्यातलं बंद झालं, तव्यावरचं कोण बंद करणार? छत्तीसगड-ओडिशात तोच प्रकार गुडाखू म्हणून चालतो. तेव्हा दाढवाले, तुमच्या नकाशात कुठलाच कायदा नसलेली ही फळीसुद्धा दाखवा.

आजीचे दात पंचावन्नलाच गेले. नव्वदीत ऊस खाणारे आजोबा सगळ्यांनाच नसतात हो.

---

निवांत नाशिक

पेशाने दातांची डॉक्टर. शंकासुर, राखुंडीबद्दल एकच सांगते: ती दात स्वच्छ करते तशी भांडीही करते, कारण ती घासते. इनॅमल एकदा झिजलं की परत येत नाही. आजोबांच्या काळी दिवसभर बिस्किटं आणि गोड चहा नव्हता, दात त्यामुळे टिकले.

फ्लोराइडबद्दल थोडं. बाहेरचे लोक विचारतात, भारतात मर्यादा १००० च का? आपल्या देशाचं पाणी एकसारखं नाही हे आधी लक्षात घ्यायला हवं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त. तिथल्या मुलांचे दात पिवळे-तपकिरी, ठिपक्यांचे. जास्त वर्षं प्यायलं तर हाडंही धरतात. तुरटी आणि चुना घालून पाण्यातलं फ्लोराइड काढायची 'नलगोंडा पद्धत' आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढली, नाव तेवढं तेलंगणातल्या नलगोंड्याचं.

आता उलटं टोक बघा. अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स गावाने १९४५ साली पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मुद्दाम *घालायला* सुरुवात केली, आणि मुलांची कीड कमी झाली म्हणून निम्म्या जगात त्याची चर्चा झाली. स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहर पाण्यात घालायचं, २००३ मध्ये थांबलं, कारण देशात फ्लोराइडचं मीठ विकलं जातंच. २०२५ मध्ये युटा राज्याने पाण्यात घालायलाच बंदी केली. म्हणजे एकीकडे काढायचं तंत्र, एकीकडे घालायचं, एकीकडे मिठात. अशा जगात सगळीकडे एकच ट्यूब कशी चालेल?

(यवतमाळकरांनी पेस्ट टाकून देऊ नये! पेस्ट थुंकतो आपण, पाणी पितो. लहान मुलाला मात्र वाटाण्याएवढी सुद्धा नको, तांदळाच्या दाण्याएवढी पुरे.)

---

र्‍हाइनकाठ

जर्मनीतून. इथे दातांच्या बाजाराचा राजा म्हणजे एक छोटी वही. 'बोनुसहेफ्ट' म्हणतात. वर्षाला एकदा डेंटिस्टकडे तपासणी, वहीवर शिक्का. सार्वजनिक विमा कॅप, ब्रिज, कवळीच्या ठरलेल्या साध्या उपचाराचे ६० टक्के देतो. सलग पाच वर्षांचे शिक्के असतील तर ७०, दहा वर्षांचे असतील तर ७५. माझ्या शेजारचे आजोबा पासपोर्ट हरवला तर शांत राहतील, वही हरवली तर पोलिसात जातील.

घरोघरी दोन ट्यूबा दिसतात: सकाळी आरोनाल, रात्री एल्मेक्स. एक हिरड्यांना, एक किडीला. एकाच कंपनीच्या. दोन वेळा घासायची सवय लावता लावता दोन ट्यूबा विकायची ही युक्ती आमच्या पुण्यातल्या कुठल्याही दुकानदाराला का सुचली नाही देव जाणे. (ती स्विस कंपनीही २००४ पासून कोलगेटचीच.)

जाता जाता, दात काढायचा चिमटा 'मेड इन जर्मनी' म्हणून मिरवणाऱ्यांसाठी: टुटलिंगन गावच्या नावाने जगभर जाणाऱ्या हत्यारांतली कितीतरी पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये घडतात. क्रिकेटची बॅट आणि दाढ उपटायचा पक्कड एकाच गावचे.

---

शंकासुर

सियालकोटचं माहीत नव्हतं. एवढ्यापुरता धागा वसूल.

पण दाढवाले, बिल कोण भरतं आणि विमा काय देतो हे जे चाललंय ते आपल्याला काय कामाचं? आपल्याकडे बिल आपणच भरतो. सरळ दहा रुपयांची ट्यूब घेतो आणि पुढे जातो.

---

दाढवाला (धागाकर्ता)

शंकासुर, तिथेच तर येतोय. पेस्टचं चित्र लहान आहे, खरी गोष्ट इम्प्लांटमध्ये आहे. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

१९६५ साली स्वीडनमध्ये गोथेनबर्गला ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. हाड टायटॅनियमला धरतं हे त्यांना सशावरच्या प्रयोगात कळलं होतं. त्यानंतर बरीच वर्षं या मालात स्वीडन आणि स्वित्झर्लंडचा दबदबा. मी फिरतीवर होतो तेव्हा स्विस इम्प्लांटची पेटी उघडली की डॉक्टर हात धुऊन यायचे.

मग कोरिया आला. ऑस्टेम ही १९९७ ची कंपनी. त्यांनी माल विकायच्या आधी डॉक्टरांना इम्प्लांट बसवायचं शिकवलं, कोर्सवर कोर्स घेतले. शिकलेला माणूस ज्या हत्याराने शिकला तेच मागतो, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. त्यात २०१४ च्या जुलैपासून कोरियाच्या सरकारी विम्याने ७५ च्या वरच्यांना इम्प्लांट द्यायला सुरुवात केली. वय कमी करत करत २०१६ ला ६५ वर आणलं. जन्मभरात दोन इम्प्लांट, आणि २०१८ पासून रुग्णाने फक्त ३० टक्के भरायचे. विचार करा: देशातल्या प्रत्येक आजी-आजोबाला दोन स्क्रू सरकारी पैशाने. त्या खपावर कारखाने मोठे झाले, भाव उतरला आणि तोच माल आपल्याकडे आला. आज नाशिक-नांदेडच्या गल्लीतल्या दवाखान्यात कोरियन इम्प्लांट बसतो तो कोरियन आजोबांच्या कृपेने. तेव्हा 'विमा आपल्या काय कामाचा' म्हणू नका. दुसऱ्याच्या विम्याचा फायदा आपण घेतोय.

चीनची तऱ्हा वेगळी. तिथे खाजगी दवाखान्यांत स्विस माल जोरात चालायचा. सरकारने अनेक प्रांतांची मागणी एकत्र बांधली आणि कंपन्यांना म्हणाले, बोला किती कमी करता. २०२३ च्या जानेवारीत निकाल आला: सरासरी ५५ टक्के कपात, एक इम्प्लांट सरासरी ९०० युआनच्या आसपास. शिवाय मोठ्या सरकारी इस्पितळांत एका दाताच्या इम्प्लांटच्या डॉक्टरी कामाला (स्क्रू आणि कॅपचे पैसे वेगळे) ४५०० युआनचं कुंपण. कंपन्या रडल्या, पण सही केली, कारण न करणाऱ्याला बाजारच बंद.

स्विस लोक याला काय करतात? चीनसारखी सक्ती नसेल तिथे स्वतःच्या मालाचा भाव पाडत नाहीत. ब्राझीलच्या कुरितिबा शहरातली नेओडेंट कंपनी त्यांनी २०१२ मध्ये निम्मी आणि २०१५ मध्ये पूर्ण घेतली. श्रीमंत दवाखान्यात त्यांचा मूळचा स्विस स्ट्राउमान, बाकीच्यांकडे नेओडेंट. एका घरात दोन चुली, धूर एकाच धुराड्यातून.

चवीबद्दल जर्सीकरताईंना अर्धा मुद्दा देतो. लवंग बघा. प्रॉमिस आठवते का कुणाला? बालसारांची, लवंगतेलाची. २००५ मध्ये डाबरने बालसारांचा हा सगळा धंदा १४३ कोटींना घेतला, बबूल आणि मेस्वाकसकट. श्रीलंकेत क्लोगार्ड नावाची लवंगेची पेस्ट घराघरात आहे. चीनमध्ये रक्तस्राव थांबवणारी युन्नान बाययाओ नावाची जुनी पुडी होती, त्याच कंपनीची पेस्ट हिरड्यांतून रक्त येणाऱ्यांसाठी निघाली आणि तिने परदेशी ब्रँडना घाम फोडला. प्रत्येक देशात आजीने दुखऱ्या दाढेवर जे लावलं, तेच नातू पेस्टमध्ये शोधतो. पण ते तिसऱ्या क्रमांकावर. मत बदललेलं नाही.

---

योकोहामा फास्ट

जपानातून दोन पैसे.

इथे सेन्सोडाइन मागितली तर दुकानदार मान हलवतो. तीच पेस्ट इथे 'शुमितेक्त' नावाने मिळते. मी सहा महिने दुसरीच काहीतरी घासत होतो. नावांचा हा खेळ पेप्सोडेंटमध्येही आहे. आपल्याकडे ती आणि क्लोज-अप युनिलिव्हरच्या; अमेरिकेत आणि कॅनडात २००३ पासून दुसऱ्याच कंपनीच्या.

१९८९ मध्ये सरकार आणि डेंटिस्ट लोकांनी '८०२०' मोहीम काढली: ऐंशीव्या वर्षी वीस दात शाबूत हवेत. तेव्हा असे म्हातारे मोजके होते. २०१६ च्या पाहणीत निम्म्याहून जास्त निघाले. परिणाम दुकानात दिसतो. हिरड्या खाली गेलेल्यांच्या, मुळं उघडी पडलेल्यांच्या पेस्टी, दातांच्या फटीतले बोटभर ब्रश, यांची भिंतच्या भिंत. दात टिकले की माल वाढतो, कमी होत नाही.

आणि ब्रशचं डोकं इतकं लहान की आईला पहिल्यांदा बाळाचा वाटला. आता ती परत जाताना डझनभर नेते.

---

निवांत नाशिक

दाढवाले, कोरियन आजोबांचे आभार मी रोज मानते, पण तुमच्या या रंगीत बाजाराचा त्रास कुणाला होतो ते ऐका.

मागच्या आठवड्यात एक गृहस्थ आले. नोकरी आखातात, इम्प्लांट बसवला टर्कीत सुट्टीवर असताना, कॅप हलायला लागली नाशकात. कॅप काढायला आतला स्क्रू उघडायला हवा. माझ्याकडे चार कंपन्यांचे ड्रायव्हर, एकही बसेना. त्यांच्याकडे ना कार्ड, ना कागद. ज्या दवाखान्यात बसवला तिथे तीन ईमेल केल्या, उत्तर नाही. एक्स-रेवरून कंपनी ओळखायचा प्रयत्न केला, अशा दिसणाऱ्या डझनभर निघाल्या. जोर लावला आणि स्क्रूचं डोकं झिजलं तर सगळंच खोदावं लागेल.

सायकलच्या नटाला पाना मिळतो, माणसाच्या तोंडातल्या नटाला मिळत नाही. मोबाइलचं चार्जर सगळ्या युरोपात एक केलं म्हणतात, याचं कुणी का करत नाही?

---

पंचगंगा

डॉक्टरीणबाई, हे वाचून माझी दाढ दुखायला लागली.

---

सोलापुरी चटणी

अवांतर: २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट आणि ब्रशवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, मंजनावरचा १२ वरून ५. म्हणजे इतकी वर्षं मंजन आणि पेस्ट यांच्यात सरकारही भेद करत होतं! मंजन गरिबाचं, पेस्ट पांढरपेशाची. आता दोन्ही एका पंगतीला. विकोवाल्यांनी कोर्टात घालवलेली वर्षं आठवून वाईट वाटलं.

---

दाढवाला (धागाकर्ता)

निवांत, एकच का करत नाहीत, तर ड्रायव्हर वेगळा असला की डॉक्टर पुढचा स्क्रूही त्याच कंपनीचा घेतो. आम्हीच शिकवलंय हे लोकांना, लपवत नाही.

आता कामाचं. जोर लावू नका. भिंगाखाली स्क्रूच्या खाचेचा फोटो काढा. सहा बाजूंची असेल तर बहुधा १.२ मिलिमीटरचा षटकोनी, कोरियन आणि इतरही बरेच वापरतात, १.२७ चा वेगळा येतो, तो १.२ च्या खाचेत शिरत नाही आणि १.२ चा त्याच्यात सैल फिरतो, डोकी झिजतात ती अशीच. पाकळ्यांची चांदणी दिसली तर स्विस असण्याची शक्यता जास्त. आमच्याकडे डेमोच्या जुन्या पेटीत पंधरा-वीस प्रकारचे ड्रायव्हर पडून आहेत. फोटो आणि एक्स-रे व्यनि (खाजगी निरोप) करा, पेटीच कुरिअरने पाठवतो. रुग्णाला तोवर त्या बाजूने काही चावू नका म्हणावं.

आणि मेव्हणीचा निरोप आलाय. सहातल्या दोन ट्यूबा शेजारणीने नेल्या. सासूबाईंना तिकडची विंटरग्रीन फार आवडली, म्हणतात गुडघे दुखत नाहीत असं वाटतं. चार ट्यूबा घेऊन येताहेत.

---

जर्सीकर

=))

काका, त्या पेस्ट म्हणूनच वापरा, आणि त्यांना गुडघ्याला लावू देऊ नका.

---

निवांत नाशिक

व्यनि केलाय. चांदणीच आहे.